वडसा, शंकरपट आणि रात्रभराचं नाटक

शुक्रवार : नागपूरहून वडशाकडे

नवऱ्याचं गाव ब्रह्मपुरीपासून आत, धानाच्या पट्ट्यात. आम्ही तिकडे जातो ते मे महिन्यात, मुलांच्या सुट्ट्या बघून, आणि मे महिन्यात झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या या धान-जंगलाच्या भागात, नाटक नसतं. हंगाम दिवाळीला सुरू होतो आणि होळीपर्यंत उतरतो. त्यामुळे लग्नापासून ज्या नाटकांच्या गोष्टी ऐकत आले त्यांतलं एकही मी पाहिलेलं नव्हतं. यंदा संक्रांतीनंतर गावात शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, ठरला, पटाच्या रात्री नाटक ठरलं आणि दिराचा फोन आला. नवरा म्हणाला, "तुला नाही आवडणार. रात्रभर असतं, थंडी असते आणि भयंकर रडारड असते." मी मुलांना आईकडे सोडलं आणि तिकिटं काढली.

नागपूरपर्यंतच्या प्रवासात सांगण्यासारखं काही नाही. सकाळी गाडीतून उतरलो तेव्हा तोंडातून वाफ निघत होती. दीर गाडी घेऊन आले होते. स्टेशनाबाहेर तर्री-पोहे खाल्ले. पोह्यांवर लाल तर्री आणि त्यात चणे, वरून कांदा. पुण्या-मुंबईकडच्यांनी पहिल्यांदा तर्री वेगळी मागून घ्यावी आणि अंदाज घेत ओतावी. तिथले लोक ती पाण्यासारखी ओततात. त्यांचं बघून आपण ओतू नये.

उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी, वडसा असा रस्ता. अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास. उमरेड सोडलं की नवऱ्याचं बोलणं बदलतं, हे मला दरवर्षी गंमत म्हणून बघायला आवडतं. पुण्यात "काय करतोयस" म्हणणारा माणूस भिवापूरच्या आधीच "काय करून राहिला बे" वर येतो. भिवापूरची मिरची प्रसिद्ध, तिला भौगोलिक मानांकनही आहे. जानेवारीत त्या बाजूला मिरचीचे सातरे लागलेले असतात. सातरा म्हणजे मिरचीचं उघड्यावरचं अंगण. लाल ढिगाऱ्यांच्या कडेने बायका ओळीने बसून देठ खुडत असतात. आम्ही एका सातऱ्यापाशी काच खाली केली आणि गाडीतले सगळे एकदम शिंकायला लागलो. बायका हसल्या. त्यांच्यातली एकही शिंकत नव्हती.

गावात शिरण्याआधी वडसा बघायचं असा माझा हट्ट होता. वडसा म्हणजे कागदोपत्री देसाईगंज, गडचिरोली जिल्ह्यातलं, वैनगंगेच्या पलीकडच्या तीरावरचं. गोंदिया-बल्लारशा मार्गावरचं रेल्वे स्टेशन आहे, भाताचा बाजार आहे आणि झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांची ही राजधानी आहे. गमतीने 'झाडीवूड' म्हणतात. मला वाटलं होतं एखादं जुनं थिएटर वगैरे असेल. तसं काही नाही. बाजाराच्या रस्त्याला किराणा दुकान, मोबाइल दुरुस्ती, नाट्य कंपनी, कृषी केंद्र, पुन्हा नाट्य कंपनी अशी रांग. प्रत्येक गाळ्यावर फ्लेक्स, आणि त्या फ्लेक्सवर नायक, नायिका, खलनायक, विनोदी नट यांचे चेहरे, शिवाय मोठ्या अक्षरात फोन नंबर. नाटकांची नावं वाचत मी अर्धा तास काढला. सौभाग्य, कुंकू, सूड, रक्त, बाप आणि माती या सहा शब्दांत बहुतेकांचं काम भागलेलं आहे. नावापुढे 'अर्थात' घालून दुसरं नाव द्यायची जुन्या मराठी नाटकांची रीत इथे अजून ठणठणीत आहे.

एका कार्यालयात शिरलो. टेबल, खुर्च्या, देवीची तसबीर आणि एक जाडजूड वही. मालक फोनवर कुठल्याशा गावाच्या मंडळाशी बोलत होते. "जानेवारीची तारीख आता कोठून देऊ बाप्पा? दसऱ्याच्या आधी याले पाहिजे होतं." फोन ठेवून आमच्याकडे वळले. त्यांनी सांगितलेलं गणित असं : गावातलं मंडळ कंपनीला एका प्रयोगाचे पैसे ठरवून देतं. त्यात नट, वाजवणारे, पडदे, लाइट, साउंड, गाडी सगळं आलं. तिकीट लावायचं ते मंडळाने, नफा-तोटा मंडळाचा. नटांशी करार 'नाईट'वर. एखाद्या नटाच्या हंगामात किती नाईट झाल्या यावर त्याचं वजन ठरतं. नायिका पुष्कळदा नागपूरहून येतात, काही मुंबई-पुण्याहूनही, आणि हंगामभर वडशातच भाड्याच्या खोल्यांत राहतात. अशा कंपन्या पन्नासेक तरी असतील, असं ते म्हणाले. मी विचारलं, तालमी कधी करता? ते नुसते हसले. त्या हसण्याचा अर्थ मला दुसऱ्या दिवशी रात्री कळला.

ज्यांना नातेवाईक नाहीत आणि तरी हे बघायचं आहे त्यांनी सरळ वडशाला उतरावं. नागपूरहून एसटी आहे, गोंदियाहून रेल्वे आहे. वडशात आणि ब्रह्मपुरीत साधी लॉजेस मिळतात. कुठल्याही कंपनीच्या कार्यालयात जाऊन "आज कोणत्या गावाला आहे?" एवढं विचारायचं. हंगामात रोज रात्री आसपासच्या कुठल्या ना कुठल्या गावात नाटक उभं असतंच. फक्त परतीच्या गाडीची सोय दिवसाउजेडीच करून ठेवावी.

वैनगंगेच्या पुलावरून परत अलीकडे आलो तेव्हा सूर्य बुडत होता. घरी सोलेभात तयार होता. तुरीच्या ओल्या दाण्यांचा हा भात जानेवारीत खायचा, एरवी त्याला चव नाही. जाऊबाईंनी ताटात वरून कच्चं तेल सोडलं आणि म्हणाल्या, "आज झोपून घ्या. उद्या कोनी झोपू देनार नाही."

शनिवार, दिवसा : पट

पटाच्या दिवशी गावाची लोकसंख्या किती पटीने वाढते ते कुणी मोजत नाही, पण आमच्या घरापुरतं सांगते : सकाळी दहाच्या आत अंगणात चपलांचा ढीग झाला होता. लेकी माहेरी आल्या, जावई आले, जावयांचे भाऊ आले. आत्याबाई गोंदियाकडून दोन एसट्या बदलून आल्या, वय सत्तरीपुढे, आणि आल्या आल्या पहिला प्रश्न, "नाटक कोनतं हाय?" मुलीला स्थळ बघायचं असलं तरी याच दिवसात बघतात, असं जाऊबाई म्हणाल्या. पोरं-पोरी, दोन्हीकडची माणसं आयतीच गावात असतात.

स्वयंपाकघरात मला फारसं काम दिलं नाही. आयते घालायला बसवलं. तांदळाच्या पिठाचं सरसरीत पातळ करून तव्यावर ओतायचं, जाळी पडली की काढायचं. माझ्या पहिल्या दोन-तीनांचे तुकडे आत्याबाईंनी स्वतःच्या ताटात घेतले आणि काहीच बोलल्या नाहीत. सोबत कोंबडीचा रस्सा, भरपूर सांबार घातलेला. इकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, त्यामुळे नागपुरात पहिल्यांदा सांबारवडी मागवणाऱ्या दाक्षिणात्यांची जी पंचाईत होते तिच्यावर घरोघरी एक तरी किस्सा तयार आहे.

पट गावाबाहेरच्या बांध्यांत होता. धान कापून झालं की बांध्या मोकळ्या होतात, मधले धुरे मोडून लांबलचक पट्टी करतात. सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या निकालानंतर पट बंद पडले होते. 2021 च्या डिसेंबरात अटी घालून परवानगी मिळाली, 2023 मध्ये ती कायम झाली. मधल्या वर्षांत पट नाही म्हणून पाहुणे नाहीत, पाहुणे नाहीत म्हणून नाटकाला गल्ला नाही, असं एकात एक अडकलेलं सगळंच मंदावलं होतं, असं दीर सांगत होते. नाटकाचं अर्थकारण बैलांच्या पायावर उभं असतं हे मला पुण्यात बसून कधीच सुचलं नसतं.

खरं सांगायचं तर पट मला झेपला नाही. दोन बैल, हलका छकडा, वर हाकणारा, आणि काही सेकंदांत सगळं संपतं. मग धुरळा आणि पुढच्या जोडीची वाट. बैल देखणे असतात, त्यांच्या मालकांचा तोराही देखणा असतो, पण ती शेपटी पिरगाळणं मला बघवत नाही आणि परवानगी असली तरी बघवत नाही. मी पट सोडून दुकानांकडे वळले. आलुबोंडे, जिलेबी, बांगड्या, फुगे, आणि दर वीस पावलांवर पानठेला. पानठेल्यावर खर्रा घोटायचा आवाज अखंड चालू असतो. प्लास्टिकच्या कागदात सुपारी, तंबाखू, चुना घालून पाटीवर घासतात. ती घासणी म्हणजे या भागाचं पार्श्वसंगीत आहे.

तिथेच नाटकाचं आवार तयार होत होतं. बांबू, कनाती, आत जमिनीवर धानाचं तणस, म्हणजे पेंढा, पसरलेलं. मागे खुर्च्या. कंपनीची गाडी चारच्या सुमारास आली. आतून पडद्यांच्या गुंडाळ्या निघाल्या, लाइटचे खांब, लोखंडी पेट्या, आणि शेवटी चार माणसांनी मिळून, ओरडत-सावरत, गोधडीत गुंडाळलेला ऑर्गन उतरवला. पायाने भाता हलवायचा तो जुना, लाकडी. माझे आजोबा पुण्यात ज्या वाद्याची आठवण काढून हळहळायचे ते इथे तणसावर ठेवलेलं होतं आणि एक पोरगं त्याच्यावर बसून केळं खात होतं.

दुपारी सगळ्या घराला सक्तीने झोपवलं गेलं. ही सूचना मनावर घ्या. रात्रीच्या नाटकाला दुपारची झोप नसेल तर दुसऱ्या अंकात मान पडते आणि शेजारची बाई ढोसते.

शनिवार, रात्री : नाटक

घरातून निघताना प्रत्येकाच्या काखेत काहीतरी होतं. वाकळ, ब्लँकेट, चटई, उशी, आत्याबाईंच्या पिशवीत मुरमुऱ्यांचा चिवडा. मी स्वेटर, त्यावर शाल, पायात दोन मोजे आणि कानटोपी अशी गेले. तरी तीन वाजता दात वाजलेच. जमिनीचं तिकीट शंभराच्या आत, खुर्चीचं त्याहून जास्त. दीर मंडळात असल्याने आम्हाला खुर्च्यांचा मान होता, पण आत्याबाई म्हणाल्या, "खुर्चीवर बसून पाय गारठते, तनसात बस माह्या जवळ." बरोबर होतं. तणस खालून ऊब धरतं. खुर्चीवाले मध्यरात्रीनंतर एकेक करून खाली उतरले.

पत्रिकेवर वेळ साडेनऊची. साडेनऊला उद्घाटन सुरू झालं. दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, शाल, श्रीफळ, आणि व्यासपीठावर माणसं इतकी की नाटकातल्या नटांपेक्षा ती जास्त असावीत. प्रत्येकाने 'मी जास्त वेळ घेणार नाही' असं म्हणून घेतला. प्रेक्षक अजिबात वैतागले नाहीत. तेवढ्यात बसायच्या जागा, पांघरुणं, पोरांची शी-शू उरकून घेतात. मधेच माइकवर : निळ्या स्वेटरचं पोरगं स्टेजजवळ सापडलं आहे. ट्रॅक्टर वाटेत लावलेला आहे, काढावा. आणि मग त्याच सुरात, "नाटक सुटल्यावर जंगलाकडच्या गावांना जानाऱ्या लोकांनी एकटं-दुकटं जाऊ नये, पाच-सहा जनांनी संगच जावे." वाघाचं नाव कुणी घेतलं नाही, घ्यायची गरजही नव्हती. ब्रह्मपुरीच्या जंगलात वाघ आणि माणूस यांची गाठ पडणं ही इकडे रोजची भीती आहे. आत्याबाईंनी भर घातली, नदीपलीकडे तर हत्तीही आलेत. 2021 मध्ये छत्तीसगडकडून गडचिरोलीत उतरलेला कळप अजून त्या बाजूला फिरतो आणि धान तुडवतो.

अकराच्या सुमारास ऑर्गनचा सूर लागला. नांदी झाली, पाठोपाठ पडदा.

गोष्ट सांगण्यात अर्थ नाही, तुम्ही ती ओळखाल. थोरला भाऊ देवमाणूस, धाकटा शहरात शिकलेला, धाकट्याची बायको फटकळ, गावात एक पुढारी, त्याची नजर यांच्या शेतीवर. दारू येते. कुंकू पुसलं जातं. सगळं कर्कश, सगळं ठळक, आणि माइक तर स्टेजवर असे लटकलेले की नट दुःखाने कोलमडतानाही बरोबर माइकखाली कोलमडतो. पहिला अर्धा तास मी मनातल्या मनात कात्री घेऊन बसले होते. हा संवाद कापा, ते रडणं निम्मं करा, ऑक्टोपॅडवाल्याला आवरा.

मग मला प्रॉम्प्टर दिसला.

आमची जागा डाव्या कडेला होती. विंगेतल्या दोन कापडांच्या फटीतून आतलं दिसत होतं. खाली मांडी घालून बसलेला एक माणूस, अंगावर घोंगडी, डोक्याला मफलर, मांडीवर उघडी वही, वहीवर बॅटरीचा उजेड. तो वाचत होता. नाटकाचं प्रत्येक वाक्य. आवाज अगदी सपाट, रेल्वेचं वेळापत्रक वाचावं तसा, "दादा तुमच्या पायाची शपथ मी त्या घराचा उंबरा चढणार नाही" आणि तो पुढच्या ओळीवर जातो न जातो तोच इकडे उजेडात नायक तेच वाक्य घेऊन असा फुटायचा की बायका पदर डोळ्यांना लावायच्या. दोघांमध्ये अंतर असेल तर अर्ध्या श्वासाचं. रोज वेगळं गाव, कधी वेगळं नाटक, समोरचा नटही कालचा असेलच असं नाही. पाठांतर करणार कधी? आदल्या दिवशीच्या त्या मालकांचं हसणं आता उलगडलं. नट चाल, गाणी आणि प्रसंग घेऊन येतो, शब्द त्याला जागेवर मिळतात. एकदा नायिकेला ऐकू गेलं नाही. ती थांबली नाही. हुंदका दिला, पदर सावरत विंगेकडे दोन पावलं सरकली, वाक्य उचललं आणि परत आली. समोरच्या लोकांनी त्या हुंदक्याला टाळ्या दिल्या. त्यानंतर माझं निम्मं लक्ष फटीकडेच होतं. प्रॉम्प्टरने पानं उलटताना अंगठा जिभेला लावला नाही, घोंगडीवर ठेवलेल्या ओल्या फडक्याला लावला, हेही मी पाहून ठेवलं.

गाणी मात्र नट स्वतःच्या जिवावर गातात, आणि समोरच ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड. ऑर्गनवाले साठीचे असतील. थंडी असूनही पाय उघडे ठेवले होते. मोज्यात भात्याचा पायटा कळत नाही, असं त्यांनी दीरांना नंतर सांगितलं. थोरल्या भावाच्या तोंडी दुसऱ्या अंकात एक संथ पद होतं, यमनाच्या अंगाने जाणारं. त्या गृहस्थाचा आवाज बसलेला, वरचा सा लागेना. पण त्याने शब्द असे टाकले की अख्खं आवार गप्प झालं. पद संपलं आणि माझ्या शेजारून, कानठळ्या बसतील अशा आवाजात, "वन्स मोऽऽर!" माझा नवरा. जो पुण्यात सवाई गंधर्वला मागच्या कनातीला टेकून घोरतो, तो. मी त्याच्याकडे बघितलं तर त्याने नाक पुसलं आणि म्हणाला, "चिवडा दे."

पद पुन्हा झालं. मग बक्षिसं सुरू झाली. कुणीतरी चिठ्ठी पाठवतं, नाटक थांबतं, माइकवर नाव आणि रक्कम सांगतात, नट हात जोडतो आणि पुन्हा मरणपंथाला लागतो. नाटक म्हणजे भंग न पावणारा भ्रम वगैरे जे आपण शिकतो त्याचा इथे पत्ता नाही. प्रेक्षक एका डोळ्याने रडतो आणि दुसऱ्याने बक्षिसाची रक्कम मोजतो, आणि दोन्ही मनापासून करतो. अंकांच्या मधे लावणी झाली. तेव्हा पुढे पळालेली पोरं आणि मागे सरकलेल्या सुना असं एक वेगळंच दृश्य होतं. मला ती लावणी ओढूनताणून आणलेली वाटली, जाऊबाईंनाही वाटली. मंडळाचं म्हणणं, ती नसेल तर गल्ला पडतो.

आत्याबाईंना मात्र हे सगळंच नवं. त्यांच्या लहानपणी दंडार, खडी गंमत असे लोकनाट्याचे प्रकार असायचे, बाईची कामं पुरुषच करायचे आणि रॉकेलची गॅसबत्ती असायची. "आमच्या टायमाले सूर्य निघाल्यावर पडदा पडे," त्या म्हणाल्या. याच मातीतले नट परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. आपल्याकडे मराठी रंगभूमीचा इतिहास सांगताना 1843 मधलं सांगलीतलं सीतास्वयंवर, मग किर्लोस्कर, मग गंधर्व अशी पायरी-पायरीने वर चढतो. त्या जिन्यावर झाडीपट्टी कुठे बसवायची हे मला अजून जमलेलं नाही. पुण्यात संगीत नाटक जगवायचं म्हणून अनुदान मागतात, महोत्सव करतात. इथे गावातली वीस-पंचवीस पोरं वर्गणी काढून, रात्रभर ऑर्गनवर चालणारं नाटक विकत घेतात आणि तिकीट विकून पैसे वसूल करतात. नाटक बेताचं असतं, हे मी मागे घेणार नाही. पण दोनअडीच हजार माणूस पहाटे तीनला जागं होतं आणि कुणीही मोबाइल बघत नव्हतं.

बायकांसाठी एक सूचना, कारण हे कुणी लिहीत नाही : आवारात स्वच्छतागृह नसतंच असं धरून चाला. गावात ओळख काढून ठेवा, पाणी बेताने प्या आणि बॅटरी जवळ ठेवा. मी मध्यंतरात घरी जाऊन आले तेव्हा बरोबर आठ बायका होत्या. वाटेत पुढाऱ्याला फाशी व्हावी की शेतात साप चावावा यावर एकमत होत नव्हतं.

सव्वातीनला शेवटचा प्रवेश झाला. साप नाही, फाशी नाही. वहिनीने विळा उचलला. आवारातून असा काही आवाज उठला की बैल बिथरले असतील.

रविवार : टपरी, आणि परत

झोप अशी झालीच नाही. साडेसातला नवरा आणि मी फाट्यावर चहाला गेलो. धुकं इतकं की समोरची टपरी चुलीच्या उजेडानेच कळली. बाकावर एक माणूस काळा चहा पीत बसला होता. कानामागे लाल रंग राहिलेला, भुवयांच्या कडेला काजळाची रेघ. रात्रीचा पुढारी. ज्याला गावातल्या आठ बायकांनी साप चावायला लावला होता तो समोर बसून पार्ले बिस्किट बुडवत होता.

नवऱ्याने हात जोडले, "काम बेस झालं रात्री." गृहस्थ लाजले. कंपनीची गाडी सामान भरून यायची होती, तिची वाट बघत होते. आज रात्री नदीपलीकडे, कुरखेड्याच्या बाजूला प्रयोग. पावसाळ्यात काय करता, विचारलं. "रोवनी," ते म्हणाले, म्हणजे धानाची रोपं लावायची. स्वतःची दीड एकर आहे, बाकी दुसऱ्यांच्या बांधीत. शिव्या खाव्या लागत असतील ना, असं मी विचारलं, तर खूश झाले. एका गावात म्हातारीने नाटक संपल्यावर खरोखर काठी घेऊन गाठलं होतं, तो किस्सा त्यांनी उठून, काठीसकट करून दाखवला. रात्री माइकखाली त्यांनी जे केलं त्याहून हे कितीतरी हलकं आणि बारकाईचं होतं. मी तसं बोलून दाखवलं. ते म्हणाले, "हे इतल्या इतल्यात चालते बाई. मागच्या तनसातल्या मानसाले कोन दाखवन?"

चहाचे पैसे त्यांनी आम्हाला देऊ दिले नाहीत. पाहुणे ना तुम्ही, म्हणाले.

दुपारी नागपूरला निघालो. उजेडातच जंगलाचा टप्पा पार करायचा, हा दिरांचा नियम आणि तो तुम्हीही पाळा. जाऊबाईंनी तुरीच्या शेंगा, नवे तांदूळ आणि लाल मिरची अशी तीन पोती गाडीत कोंबली. रेल्वेत ती वर चढवताना नवरा पुन्हा अस्खलित पुणेरीत वैतागला.

आठवड्याने दिरांचा फोन आला. मंडळाचा हिशोब लागला होता. कंपनीचे पैसे फिटले, कनातवाल्याचे फिटले, वर थोडे उरले ते शाळेच्या कुंपणाला द्यायचे ठरले. पुढच्या वर्षी लावणी ठेवायची की नाही यावरून मात्र बैठक मोडली. बायकांनी निवेदन दिलंय, पोरं ऐकत नाहीत, आणि दोन्ही बाजूंनी दिरांना आपलं म्हणणं गावाबाहेरच्या शिकलेल्या माणसाकडून वदवून हवंय. नवऱ्याने फोन माझ्याकडे दिला.